पुनवेच्या आधीची होडी

पाचूबंदर, वसई
१९ जुलै १९५३, रविवार

आज भिंतीवरून सेंट पीटरची तसबीर काढली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्या खिळ्यावर जनरल आयझेनहॉवर टांगला. चित्र मासिकातलं आहे, पण फ्रेम वसईच्या बाजारातून चांगली सागवानी करून आणलीय. हिल्डा हातातलं सूप तसंच धरून बघत राहिली.

“हा कोन? तुमचा मामा?”

म्हटलं, हा अमेरिकेचा प्रेसिडेंट. त्याच्या आधी सेनापती होता. हिटलरला लोळवला याने.

“मंग तेच्या घरी टांगतील की तेला. पीटरबावानं तुमचं काय खाल्लं होतं?” असं म्हणून ती तांदूळ पाखडायला निघून गेली.

बायकोला जगाची खबर नाही त्याला मी काय करू? पण खरं सांगायचं तर जेवताना मान वर करून त्या भिंतीकडे बघवेना. पीटरबावा बिचारा आमच्याच धंद्यातला, जाळी ओढणारा. आणि मी त्याला पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवला.

हा जनरल मला का आवडतो ते एकदा नीट लिहून ठेवतो. बाप लोण्याच्या कारखान्यात कामाला, घरात भावंडांची रांग. पहिल्या महायुद्धात बाकीचे फ्रान्सला गेले आणि याला मायदेशातच ठेवला, नव्या शिपायांना शिकवायला. लढाई संपून गेली तरी हा आपला तिथेच. लोक हसले असतील. आणि तोच पुढे एवढ्या फौजांचा वरिष्ठ झाला, आता देश चालवतोय. मीसुद्धा लढाईची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत दोरखंडांच्या गोदामात काढली. बाबा गेले, त्यांची होडी माझ्याकडे आली, पण मला लाटेवर पाय ठेवला की उलटी होते. बंदरात मला तोंडावर नाखवा, म्हणजे होडीचा मालक, म्हणतात आणि पाठ फिरली की गोडाऊनवाला. ठाऊक आहे मला.

२८ जुलै, मंगळवार

कोरियातली लढाई थांबली. काल सह्या झाल्या, आज पेपरात आलं. जनरलने निवडणुकीतच सांगितलं होतं, मी स्वतः कोरियाला जाईन. गेला, आणि वर्ष व्हायच्या आत तोफा बंद. लढणारे पुष्कळ असतात, लढून झाल्यावर लढाई थांबवणारा विरळा. वाचनालयात मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या होडीवरचा खलाशी हरेश्वर तिथे बसला होता. तो म्हणाला, “वॉल्टर, तुझा जनरल एकदा आपल्या बाजारात उभा कर. कोळनींची भांडनं थांबवतो काय बघू.” सगळे हसले, मीही हसलो. हरेश्वर माझ्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा. त्याला अक्षर वाचता येत नाही, पण रोज वाचनालयात येतो. मी वाचतो, तो ऐकतो, मग टिंगल करतो.

घरी येताना डोक्यात एकच गोष्ट होती. नॉर्मंडीच्या वेळी समुद्र खवळला होता. जनरलने सगळं आरमार एक दिवस थांबवून धरलं. मग हवामानवाल्याने सांगितलं, दोन वादळांच्या मध्ये थोडी उघडीप मिळेल. तेवढ्यावर याने हुकूम दिला. दुसरा कुणी पंचांग बघत बसला असता.

आम्ही पंचांगच बघत बसतो. पाचूबंदरात नारळी पुनवेच्या आधी होडी पाण्यात जात नाही. हिंदू कोळी दर्याला नारळ देतात, आमचे फादर होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मग सगळे मिळून निघतात. यंदा पुनव चोवीस ऑगस्टला. त्याच्या आधीच्या आठवड्यात भांगाचं पाणी आहे, म्हणजे भरती-ओहोटी नरम. तेव्हाच एक होडी गेली आणि भरून आली तर? बंदरातली पहिली होडी माझी असेल. गोडाऊनवाल्याची.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

ऑगस्टीनदादाला घरी बोलावलं. दादा म्हणजे हिल्डाचा थोरला भाऊ, बाबांच्या वेळेपासून आमच्या होडीचा तांडेल. होडी कधी काढायची, कुठे न्यायची, कधी परतायचं, हे आमच्याकडे तांडेल ठरवतो. होडी नाखव्याची असली तरी त्याने त्यात तोंड घालायचं नसतं. कुणी घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून बेताबेताने सुरुवात केली. गोदीच्या लिलावात घेतलेला बॅरोमीटर दाखवला. भांगाचं पाणी सांगितलं. नॉर्मंडी सांगितली.

दादाने चहा बशीत ओतला, फुंकर घातली. “पुनवेच्या आदी नाय,” एवढंच म्हणाला.

मी पुन्हा समजावलं. तो पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “दादा, वय झालं असेल, भीती वाटत असेल, तर तसं सांग. त्यात लाजायचं काय? सुकाणूवर मी धर्माला उभा करतो. तो एका पायावर तयार आहे.”

धर्मा आमचा सगळ्यात तरुण खलाशी, कालपरवा लग्न झालेला. दादा बशीकडे बघत राहिला. आत चुलीपुढे हिल्डाचा झारा वाजायचा थांबला होता.

“धर्माला खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा म्हाईत नाय,” दादा शेवटी म्हणाला. “समद्यांना बुडवील. मीच जातंय.”

पटलं त्याला. माणूस कितीही हट्टी असला तरी त्याला पटवता आलं पाहिजे, सेनापतीचं निम्मं काम तेच. तो गेल्यावर हिल्डाला म्हटलं, बघितलंस? तव्यावरचे सुके बोंबील करपून कोळसा झाले होते.

मनाला थोडं लागून राहिलंय. वय झालं, असं म्हणायला नको होतं. होडी भरून आली की दादाला नवीन धोतर घेईन.

१६ ऑगस्ट, रविवार

उद्या पहाटेच्या ओहोटीला निघायचं. दिवसभर लख्ख ऊन. बॅरोमीटरची सुई दुपारी जरा खाली आलेली दिसली. काचेवर टिचकी मारली तर वर सरकली. जुनं यंत्र आहे, मधे मधे अडकतं.

हरेश्वर शिडाचे दोर बघायला आला होता. होडीवर शाकारलेल्या झावळ्या काढता काढता म्हणाला, “बायको नको म्हनते. मी पन नायच सांगायला आलो होतो. मंग म्हटलं, आदी विचारावं. दादा काय म्हनतो?”

मी म्हटलं, “दादानेच ठरवलंय.”

“त्यानं सवता?”

“स्वतः. मी नाखवा, मी कोण ठरवणारा?”

“मंग जातंय,” तो म्हणाला आणि दोर ओढून बघायला लागला. तेवढ्यावर. मी मनात जुळवून ठेवलेली कारणं वापरावीच लागली नाहीत.

खोटं बोललो खरं. पण निम्मंच खोटं. शेवटी ‘जातो’ म्हणाला तो दादाच ना? मोहिमेच्या आधी सगळ्यांना सगळं सांगत नाहीत, असं पुस्तकात असतंच.

१७ ऑगस्ट, सोमवार

होडी निघाली. दादा, हरेश्वर, धर्मा आणि आणखी दोघे. बंदरावर कुणी हात हलवला नाही. बायका आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. शीड दिसेनासं होईपर्यंत मी वाळूत उभा होतो. ऊन आहे. बॅरोमीटर आज बघितला नाही. काय बघायचं त्यात, आता होडी तर गेली.

१९ ऑगस्ट, बुधवार

काल हातात लेखणी धरवली नाही.

सोमवारी संध्याकाळीच वारा फिरला आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. मंगळवारी सकाळी होडी खाडीच्या तोंडाशी दिसली. शीड फाटलेलं. वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. सगळं बंदर बघत होतं, मी बघत होतो. दादा होडी दांड्याच्या कडेकडेने आत घेत होता. हरेश्वर पुढे नाळेवर, अडकलेला दोर सोडवत. एक लाट आडवी आली. ती गेली तेव्हा नाळेवर कुणी नव्हतं.

दांडा मागे पडल्याबरोबर दादाने सुकाणू धर्माकडे दिलं आणि पाण्यात उडी टाकली. बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा मारायचा. शेवटी बाकीच्यांनी त्याला केसाला धरून वर ओढलं.

माणसं वाळूवर उतरली. हरेश्वरची बायको पुतळाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटचा उतरला तरी बघत होती. मी तिथून हाकेच्या अंतरावर होतो. पुढे झालो नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

हरेश्वर सापडला. किल्ल्याच्या तटाखाली, तिवरांत. दुपारी अग्नी दिला.

होडीवरचा माणूस दर्यात गेला तर तिरडीला पहिला खांदा तांडेलाचा, ही आमची रीत, मग गेलेला हिंदू असो की क्रिस्ती. दादा पुढे आला, वाकला. तेवढ्यात पुतळाबाई घरातून बाहेर आली.

“याला हात लावू देऊ नका,” ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. “पुनवेच्या आदी यानं नेला. माझा मानूस मना सांगून गेला, दादानं सवता ठरवलंय म्हनून जातंय, नायतर नसतो गेलो.”

सगळे दादाकडे बघायला लागले. दादा माझ्याकडे बघायला लागला. हरेश्वरला मी काय सांगितलं होतं ते त्याला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता बोलेल. तो नुसता सरळ झाला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

“नाखवा, तू ये पुढं,” कुणीतरी म्हणालं. मी गेलो. मी खांदा दिला. स्मशानापर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही आणि लोकांना वाटलं, लहानपणचा मित्र गेला म्हणून.

२२ ऑगस्ट, शनिवार

पुतळाबाईकडे तांदळाची गोणी पाठवली, वर तेल आणि गूळ. घरात लहान पोरं आहेत. तिने ठेवून घेतलं. बंदरावर माझं नाव निघतंय आणि चांगल्या अर्थाने निघतंय. नाखवा असावा तर असा, म्हणतात. कानावर आलं की मान खाली जाते, आणि लोक त्यालाही माझा साधेपणा समजतात.

दादाच्या घरी कुणी फिरकत नाही. त्याची बायको कार्मिन विहिरीवर गेली की बाकीच्या बाया हंडे उचलून चालत्या होतात.

दादा बोलत का नाही? एका वाक्याचं काम आहे: नाखव्याने जायला लावलं. तो बोलला तर मी नाही म्हणणार नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलंय. पण हा बोलतच नाही. कधी कधी त्याचाच राग येतो, म्हणजे बघा मी कुठवर आलोय. हिल्डाही माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. भावाची काळजी असेल तिला.

२४ ऑगस्ट, सोमवार, नारळी पुनव

होड्या निघाल्या. नारळ झाला, फादरांनी पाणी शिंपडलं, पण यंदा कुणी गाणी म्हटली नाहीत. माझी होडी वाळूवरच. रामनाथ पाटील आमच्या पंचांतले थोरले. त्यांनी दादाला निरोप दिलाय, पंच बसेपर्यंत सुकाणूला हात लावायचा नाही. पंच येत्या रविवारी बसतील. एकदा पंचांनी सुकाणू काढून घेतलं की अर्नाळ्यापर्यंत कुठल्याच होडीवर तो माणूस पुन्हा उभा राहत नाही. साधा खलाशी म्हणूनही कुणी घेत नाही. दादाला दुसरं काय येतं? मिसरूड फुटायच्या आधीपासून तो पाण्यावर आहे.

चर्चच्या मागच्या ओट्यावर एकटाच बसला होता, समुद्राकडे पाठ करून. मी लांबूनच बघितलं आणि दुसऱ्या वाटेने घरी आलो. स्वतःच्या मेहुण्याला चुकवून, चोरासारखा.

२७ ऑगस्ट, गुरुवार

कुमसाराला गेलो. जाळीआडून फादरना सगळी किरकोळ पापं सांगितली. राग, आळस, रविवारची बुडवलेली मिस्सा. जे सांगायला गेलो होतो तेवढंच सांगायचं ठेवलं. प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना मिळाल्या, त्या गुडघे टेकून म्हटल्या. पाप लपवून केलेला कुमसार हे आणखी एक पाप, हे शाळेत असल्यापासून पाठ आहे मला.

बाहेर आलो तर फादर ओसरीवर. माझं तोंड उतरलेलं बघून धीर द्यावा असं वाटलं असेल त्यांना, म्हणून मला आवडणारा विषय काढला. “तुझ्या जनरलची एक गोष्ट वाचली, वॉल्टर. नॉर्मंडीच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. हल्ला फसला तर जाहीर करायला. सैनिकांनी करायचं ते सगळं केलं, दोष कुणाचा असेल तर तो माझ्या एकट्याचा, अशा अर्थाची.” मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, “मोठा माणूस.”

ओसरीचा खांब धरला. या माणसाचं इतकं वाचलं, फोटो टांगला, लोकांना ऐकवलं, आणि नेमकं हे मला कधी दिसलं नाही.

घरी येऊन मनातल्या मनात फोटोतल्या जनरलशी भांडलो. अरे, तू जिंकलास. चिठ्ठी खिशातच राहिली. जी कुणाला द्यावी लागली नाही ती चिठ्ठी लिहायला काय जातं? हरला असतास तर दिली असतीस का? बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. दिली असती. अशा माणसाचा मी भक्त म्हणवतो आणि हरेश्वरच्या तिरडीला खांदा देऊन आलो.

रविवारी पंचांसमोर बोलायचं. ठरलं. हिल्डाला आधी सांगत नाही, नाहीतर पुन्हा पाय मागे येईल.

३० ऑगस्ट, रविवार

बोललो. देवाशपथ बोललो.

होड्यांच्या मधल्या वाळूवर पुरुष बसले होते, मागे बायका. रामनाथ पाटलांनी दादाला विचारलं, पुनवेच्या आधी होडी कुणी काढली? दादा उभा राहिला. “तांडेल मी होतो,” म्हणाला आणि खाली बसला.

मी उठलो. म्हटलं, “पाटील, दादाची चूक नाही. तो नको म्हणत होता. मी त्याला जायला लावलं.”

मग पाटील हसले, अगदी मायेने. “वॉल्टर, खाली बस. बायकोचा भाऊ हाय, तुझा जीव तुटतो, आमाला काय समजत नाय? पन नाखव्याच्या सांगन्यानं कंदी तांडेल दर्यात गेला हाय? आनि तो बी ऑगस्टीनसारखा? हरेश्वर तर सवता बायकोला सांगून गेला, दादानं ठरवलं म्हनून. मरायला निघालेला मानूस खोटं बोलंल?”

हरेश्वर खोटं बोललाच नव्हता. मी त्याला दिलेलं खोटं त्याने खरं समजून घरी नेलं होतं. आता एकच गोष्ट सांगायची उरली होती: ते त्याला मी सांगितलं. समोर पुतळाबाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. मी तोंड उघडलं. आणि मी खाली बसलो.

बसताना बरं वाटलं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो. बोललो, कुणी ऐकलं नाही, आता माझा काय इलाज, असं वाटून अंग हलकं झालं. असला मी माणूस.

दादाचं सुकाणू काढलं. उठता उठता पाटील म्हणाले, मच्छिमार सोसायटीला चेअरमन हवाच आहे, मेहुण्याचं पाप आपल्या डोक्यावर घेणारा माणूस, याच्याहून मोठ्या मनाचा कुठे मिळायचा? सगळ्यांनी हात वर केले. दादानेही केला.

१ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून लोक घरी येतायत. चेअरमनसाहेब, चेअरमनसाहेब. कुणी नारळ आणतंय, कुणी केळ्यांचा घड. एक जण जनरलच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, आता तुमचाही असा लावायला पाहिजे. सगळे गेल्यावर हिल्डा दारात येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी बोलली.

“त्या दिशी चुलीपुढं मी सगळं ऐकत होती. दादाला काय काय बोललात ते. रोज वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलंत ते पन निम्मं. हरेश्वरला ते कुनी सांगितलं? दादानं तर नाय.”

मी विचारलं, मग तू का नाही बोललीस पंचांसमोर?

“दादानं शपथ घातली मना. म्हनाला, तुला त्याच घरात ऱ्हायचं हाय.” आणि केळ्यांचा घड उचलून तिने गोठ्यात बैलापुढे नेऊन टाकला.

म्हणजे तिला भावाची काळजी होती असं मी समजत होतो, आणि भावाला तिची होती. माझी कुणालाच नव्हती, आणि का असावी?

३ सप्टेंबर, गुरुवार

पुतळाबाईकडे गेलो. दारात बसून ती कुणाचं तरी जाळं सांधत होती. पोरं शेजारच्या अंगणात. मी बसलो नाही. बसलो तर उठून पळेन अशी भीती होती.

म्हटलं, “वहिनी, दादाने ठरवलं असं हरेश्वरला मी सांगितलं. ते खोटं होतं. दादा नको म्हणत होता. मीच त्याच्या मागे लागलो.”

तिचा हात थांबला. “परत बोल.”

मी परत बोललो.

“तो नाय म्हनायला निघाला होता घरातून,” ती म्हणाली. “टोपी घालता घालता मना बोलला, वॉल्टरला तोंडावर नाय कसं म्हनू, पन म्हनून येतंय.”

मी म्हटलं, हो. तसंच म्हणाला होता.

“आनि खांदा तू दिलास.”

मी म्हटलं, हो.

मला वाटलं, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि तांदळाची गोणी फरफटत बाहेर आणून माझ्या पायाशी सोडली. अर्धीमुर्धी उरली होती. “पोरांच्या पोटात गेले ते गेले, ते काय आता निघत नाय,” ती म्हणाली. मग पदर खोचून पायरी उतरली. “चल पाटलाकडं. माझ्यापुढं बोललास तसं सगळ्यांपुढं बोल. मी बाजूला उभी ऱ्हातंय. बघू कसा बसतोस खाली.”

६ सप्टेंबर, रविवार

पंच पुन्हा बसले. यावेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. चहाच्या वेळी दादाला काय म्हणालो, हरेश्वरला काय म्हणालो, बॅरोमीटरची सुई खाली आली तेव्हा काय केलं. पुतळाबाई खरंच माझ्या शेजारी उभी होती. पाटील यावेळी हसले नाहीत. मी सांगून झाल्यावरही माझ्याकडे न बघता दादाशी बोलले. म्हणाले, ऑगस्टीन, उद्यापासून माझ्या होडीवर ये.

चेअरमनचं पद गेलं, ते जायलाच हवं होतं. माझी होडी वाळूवर आहे, तशीच राहणार. दर्याच्या कामात तोंड घालणाऱ्या नाखव्याच्या होडीवर कुणी तांडेल चढणार नाही. धर्मानेही नाही म्हणून मान हलवली. बाबांची होडी उन्हात फुटून जाईल आणि मी ती बघत बसेन. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नाही.

दुपारी दादाच्या घरी गेलो. कार्मिनने दार उघडलं, ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दादा जमिनीवर बसून दोराला डांबर लावत होता. उद्याची तयारी. मी समोर बसलो. वाटेत जुळवून आणलं होतं ते बोललो. “दादा, मला माफ कर. तुझी काहीच चूक नव्हती. सगळा दोष माझ्या एकट्याचा.”

तो हात न थांबवता म्हणाला, “कसा एकट्याचा? तुझ्या घरात चा पिताना मी नाय म्हटलं, मंग हो म्हटलं. धर्माला सांगितलं असतं, जाऊ नको, तर तो गेला असता? नसता गेला. पन तू मना म्हातारा म्हनालास, भितो म्हनालास. ते लागलं मना. त्या तिडकीत होडी काढली. हरेश्वर माझ्या होडीत होता, वॉल्टर.”

मी म्हटलं, “नाही दादा, तू असं बोलू नकोस. माझाच सगळा दोष.”

तेव्हा त्याने हात थांबवला आणि तिरडीच्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. राग नव्हता. दमलेला दिसला.

“समदा घेऊन तू मोठा होशील, आनि मी नुसता बिचारा,” तो म्हणाला. “नको. माझा माझ्याकडं राहू दे. तुझा तेवढा घेऊन जा.”

कार्मिन दार धरून उभी होती. मी उठलो आणि घरी आलो.